मांजरांच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध : कुत्र्याची पिपेट वाटून दिली तर चालेल का?

कौलारू
वाडीत पाच मांजरं आहेत, सगळी मोठी, अडीच ते चार किलोंच्या दरम्यान. पावसाळा लागल्यापासून पिसवांनी हैराण झाली आहेत. मांजरासाठीची फिप्रोनिल या पिसवा मारणाऱ्या औषधाची पिपेट (मानेवर रिकामी करायची छोटी नळी) ०.५ मिलीची येते. दर महिन्याला तशा पाच घ्यायच्या म्हणजे खर्च फार होतो. २० ते ४० किलोच्या कुत्र्यासाठीच्या पिपेटमध्ये २.६८ मिली औषध असतं. फिप्रोनिलचं प्रमाण दोन्हींवर सारखंच, १० टक्क्यांच्या आसपास छापलेलं दिसतं. मग कुत्र्याची एक आणून सिरिंजने अर्धा-अर्धा मिली पाचही जणांना टाकलं तर काय बिघडेल? दुकानात 'टाका बिनधास्त' म्हणाले, म्हणूनच आधी इथे विचारतोय.

गोचीडमार
खोक्याची पुढची बाजू सोडा, मागे घटकांची ओळ वाचा. तिथे परमेथ्रिन हे दुसरं कीटकनाशक असेल तर विषय तिथेच संपला. कुत्र्यांच्या काही पिपेटमध्ये फिप्रोनिल आणि परमेथ्रिन दोन्ही असतात. एकात तर फिप्रोनिल ६.७६ टक्के आणि परमेथ्रिन ५०.४८ टक्के आहे. दुकानदाराच्या तोंडी मात्र ते 'फिप्रोनिलवालं' एवढंच असतं. इमिडाक्लोप्रिड आणि परमेथ्रिनची जोडीही कुत्र्यांसाठी सर्रास मिळते, तिच्यातही परमेथ्रिन ५० टक्के. असल्या औषधाचा अर्धा मिली तीन किलोच्या मांजराच्या मानेवर पडला तर ते मरू शकतं.

अंजिरी
परमेथ्रिन तर डासांच्या औषधात, उवांच्या क्रीममध्ये, कुठेही असतं. माणसाला चालतं, कुत्र्याला चालतं. मांजरालाच का नाही?

पशुवैद्य_सांगली
अंजिरी, कारण यकृतात आहे. परमेथ्रिनसारखी रसायनं शरीराबाहेर काढायची तर यकृत त्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून पाण्यात विरघळण्याजोगी करतं. हे काम करणाऱ्या वितंचकांपैकी (एन्झाइमांपैकी) एक महत्त्वाचं वितंचक मांजराच्या कुळात बनतच नाही. त्याचं जनुक उत्क्रांतीत निकामी झालेलं आहे, वाघ-सिंहांतही तसंच. त्यामुळे कुत्रा जे काही तासांत निपटतो ते मांजराच्या रक्तात साचून राहतं. परमेथ्रिन मज्जातंतूंचे सोडियमचे दरवाजे उघडेच ठेवतं, मग एकाच उत्तेजनाला तंतू पुन्हापुन्हा पेटत राहतो. पॅरासिटामॉल मांजराला घातक ठरतं त्यामागेही याच वाटेची उणीव आहे.

लक्षणं बहुधा काही तासांतच दिसू लागतात, पण एक-दोन दिवस उशीरही होऊ शकतो. आधी कान आणि मिशा फडफडतात, कातडी लाटेसारखी थरथरते, पंजे झटकले जातात, हात लावला की मांजर दचकतं. मग लाळ, झोकांड्या, अंगभर कंप आणि शेवटी झटके. सतत कापल्यामुळे अंगाचं तापमान चढतं आणि ते चढलेलं तापमानच कित्येकदा जीव घेतं. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मांजरं दोन-तीन दिवसांत सावरतात.

टेक्सासकर
अमेरिकेतही याच चुका होत. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००९ मध्ये मानेवर टाकायच्या औषधांबद्दल सूचना काढली आणि २०१० मध्ये आढावा प्रसिद्ध करून लेबलं स्पष्ट करायला सांगितली. कुत्र्याचं औषध मांजराला आणि वजनाचा अंदाज चुकणं ही नेहमीची कारणं.

भाटी
परमेथ्रिनबद्दल कुणाचंच दुमत नसावं. पण कौलारूंचा प्रश्न नुसत्या फिप्रोनिलचा आहे आणि त्याला सगळे एकाच सुरात 'विष' म्हणतात ते मला पटत नाही. रस्त्यावरची वीस-वीस मांजरं सांभाळणारे लोक पशुवैद्याला विचारून मोठी पिपेट वाटून वापरतात. मांजराच्या पिपेटमध्ये ५० मिलिग्रॅम फिप्रोनिल असतं. तेवढंच, तेवढ्याच तीव्रतेचं औषध मोजून टाकलं तर मांजराच्या शरीराला खोक्यावरचं चित्र कळत नाही. खर्चामुळे औषधच न टाकणं हाही धोका आहे. लहान पिल्लं पिसवांनी रक्त आटून मरतात.

औषधवाला
भाटी, तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे. अडचण हातात घेतल्यावर सुरू होते.

पहिलं, नुसतं फिप्रोनिल असेल तर तीव्रता सारखी. पण फिप्रोनिल अधिक मेथोप्रीन असेल तर नाही. मांजराच्या पिपेटमध्ये मेथोप्रीन सुमारे १२ टक्के, कुत्र्याच्या पिपेटमध्ये सुमारे ९ टक्के. मेथोप्रीन पिसवांची अंडी रोखतं, म्हणजे वाटून दिलेल्या औषधात नेमका तोच भाग कमी पडतो. मांजराला याने अपाय नाही, परिणाम मात्र थोडा उणा.

दुसरं, हे द्रावण अल्कोहोलसारख्या द्रावकात असतं. पिपेट एकदा फोडली की उडायला लागतं. पाच मांजरं एका दुपारी हाताला लागली तर ठीक. तिसरं पळालं म्हणून उरलेलं सिरिंजमध्ये भरून पुढच्या आठवड्यापर्यंत ठेवलं तर आत किती औषध राहिलं हे सांगता येत नाही, आणि सिरिंजचं रबर फुगून दट्ट्या अडकतो. दट्ट्या अडकला की माणूस जोर लावतो आणि अर्ध्याऐवजी दीड मिली एका मांजरावर जातं.

तिसरं आणि सगळ्यात वाईट म्हणजे नाव नसलेली सिरिंज. महिन्याभराने घरातलं दुसरं कुणी ती उचलतं.

रानवारा
वाटून द्यायचा खटाटोप करायचाच कशाला? फिप्रोनिलचा ०.२५ टक्क्यांचा फवारा मिळतो, तो मांजरांसाठी मान्य आहे आणि अनेक मांजरांना तोच स्वस्त पडतो. मात्रा किलोमागे किमान ३ मिली, म्हणजे ७.५ मिलिग्रॅम. दाट लांब केस असतील तर ६ मिलीपर्यंत. तीन किलोच्या आखूड केसांच्या मांजराला ९ मिली लागतं, १०० मिलीची बाटली अशा ११ मांजरांना पुरते. १०० मिलीच्या बाटलीचा पंप बहुधा एका दाबात अर्धा मिली सोडतो, म्हणजे किलोमागे ६ दाब. २५० मिलीच्या बाटलीचा पंप मोठा असतो, एका दाबात दीड मिली, तिथे किलोमागे दोनच. कंपनीगणिक हे बदलतं, म्हणून एकदा १० दाब मापाच्या कपात मारून बघा आणि बाटलीवर लिहून ठेवा.

तिसरा_मजला
मांजराच्या अंगावर १८ वेळा फुसफुस करायचं? रानवारा, तुमची मांजरं साधुसंत असणार :)

रानवारा
तिसरा_मजला, साधुसंत नको, टॉवेल हवा. बाटलीचा तो आवाज मांजराला सापाच्या फुत्कारासारखा वाटतो, म्हणून तोंडाजवळ कधीच मारायचं नाही. हातमोजा घाला, औषध मोज्यावर फवारा आणि केसांच्या उलट्या दिशेने चोळत कातडीपर्यंत न्या. डोकं, गळा आणि गाल तर मोज्यानेच. पोट, काखा आणि शेपटीचं मूळ विसरू नका. उघड्या गच्चीत किंवा ओसरीवर करा, वाळेपर्यंत मांजराला बंद पिंजऱ्यात किंवा गोणीत कोंबू नका, वाफ आत साचते. जवळ चूल, उदबत्ती, देवघरातला दिवा नको, द्रावक पेट घेतो. माशांची टाकी त्या खोलीत असेल तर झाका आणि हवेचा पंप बंद ठेवा, फिप्रोनिल माशांना फार विषारी आहे.

झिपरी
आणि घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याला कुठल्याच रूपात नाही, ससे त्याने मरतात. मांजर आणि ससा अंगाला अंग लावून झोपत असतील तर मांजरालाही दुसरं औषध निवडा.

मनीमाऊ_पार्ले
मानेवरची पिपेट ज्यांना टाकायची आहे त्यांच्यासाठी पद्धत लिहिते, कारण निम्मं औषध केसांवरच वाया जाताना दिसतं.

आधी वजन. स्वतः मांजर घेऊन काट्यावर उभं राहा आणि नंतर स्वतःचं वजन वजा करा. पण न्हाणीघरातला काटा शंभर-दोनशे ग्रॅम सहज चुकतो. चार किलोच्या बोक्याला तेवढं चालून जातं, एक किलोच्या पिल्लाला नाही. पिल्लाला डब्यात बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा.

आंघोळ घातली असेल तर दोन दिवस थांबा, टाकल्यावरही दोन दिवस पाणी नको. फिप्रोनिल रक्तात फारसं जात नाही. ते कातडीच्या तेलात मिसळून अंगभर पसरतं आणि तेलग्रंथींत साठून राहतं. शाम्पूने तेल गेलं की औषधाला पसरायला वाटच राहत नाही. मानेवर टाकायच्या सेलामेक्टिन या दुसऱ्या औषधाचं तसं नाही, ते कातडीतून रक्तात उतरतं, त्यामुळे दोन तासांनंतर पाणी लागलं तरी चालतं.

जागा म्हणजे कवटी संपते तिथे, मानेचा अगदी वरचा भाग. लोक खांद्यांच्या मधोमध टाकतात. कुत्र्याला ते बरोबर, पण मांजराची जीभ तिथवर पोचते. दोन बोटांनी केस भांगासारखे दुभागा, गुलाबी कातडी दिसली पाहिजे. पिपेट उभी धरून टोक मोडा, कातडीला टेकवा आणि एकाच जागी तीन-चार वेळा पूर्ण दाबा. टोक उचलेपर्यंत दाब सोडू नका, नाहीतर औषध परत आत ओढलं जातं. चोळायचं नाही.

एकमेकांना चाटणारी मांजरं वाळेपर्यंत वेगळी ठेवा. सगळ्यांना संध्याकाळी जेवणाच्या जरा आधी टाकलं तर टाकल्याबरोबर ती ताटलीकडे जातात, चाटायला वळत नाहीत.

चिऊताई
टाकल्यावर एकीच्या तोंडाला फेस आला, ते परमेथ्रिनसारखंच का?

पशुवैद्य_सांगली
नाही. चाटल्यावर लगेच, मिनिटभरात येणारा फेस बहुतेकदा कडू चवीचा असतो. ओलं खाणं किंवा माशाचं आळणी पाणी द्या, थोड्या वेळात थांबतो. मानेवर केस चिकटणं, पांढरी भुकटी दिसणं, दोन-चार दिवस केस विरळ होणं, हेही आपोआप जातं. फेसाबरोबर कंप, झोकांडी किंवा डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या दिसल्या तर लगेच दवाखाना. मोक्सिडेक्टिन असलेलं औषध चाटलं असेल तर विशेष लक्ष ठेवा. इथे कुत्रा-मांजर फरक पुन्हा येतो. इमिडाक्लोप्रिड-मोक्सिडेक्टिनच्या मांजराच्या पिपेटमध्ये मोक्सिडेक्टिन १ टक्का असतं, कुत्र्याच्या पिपेटमध्ये २.५ टक्के. म्हणजे परमेथ्रिन नसूनही ती वाटून देता येत नाही, मात्रा अडीचपट होते. भाटी, 'तीव्रता सारखी' हे फक्त नुसत्या फिप्रोनिलला लागू आहे, हे तुमच्या गटात स्पष्ट सांगा.

भाटी
मान्य. गटात आजच टाकते.

लेस्टरवासी
इथे इंग्लंडात परमेथ्रिनच्या काही खोक्यांवर मांजराच्या चित्रावर फुली छापलेली असते. कुत्रा-मांजर एकत्र असलेल्या घरांसाठी एक भर. कुत्र्याला परमेथ्रिन टाकलं आणि मांजर त्याच्या पाठीवर डोकं ठेवून झोपलं, तर मांजराला वेगळं काही टाकायची गरजच उरत नाही, तेवढ्यानेही विषबाधा होते. पूर्ण वाळेपर्यंत वेगळं ठेवायचं ही किमान अट, दोन-तीन दिवस वेगळी ठेवता आली तर जास्त बरं. दोघं गळ्यात गळा घालून राहणारी असतील तर कुत्र्यासाठीच परमेथ्रिन नसलेलं औषध घ्या.

अंजिरी
मग मांजरांचे ते गळ्यातले औषधी पट्टे? एकावर फ्लुमेथ्रिन लिहिलेलं आहे, तेही परमेथ्रिनच्याच घराण्यातलं ना?

औषधवाला
त्याच घराण्यातलं, पण फ्लुमेथ्रिन पट्ट्यातून महिनोन्महिने थेंबाथेंबाने सुटतं आणि तो पट्टा मांजरांवर तपासून १० आठवड्यांपुढच्या मांजरांसाठी मान्य झालेला आहे. खात्रीच्या दुकानातून घ्या, ऑनलाइन नकली पट्टे खूप आहेत, आत काय आहे कुणास ठाऊक. पट्टा आणि पिपेट एकदम नको. आणि अमिट्राझचा पट्टा मांजराला कधीच नाही. कुत्र्यांच्या गोचिडांवर पाण्यात मिसळून अंगाला लावायचं १२.५ टक्के अमिट्राझ आपल्याकडे प्रत्येक पशुऔषधांच्या दुकानात मिळतं. मांजराला त्याने गुंगी येते, नाडी मंदावते, रक्तातली साखर चढते. गोठ्यातलं डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनही बाद, ती परमेथ्रिनचीच भावंडं.

गावाकडचा
आमच्याकडे रॉकेलचा बोळा फिरवतात, काही जण तंबाखूचं पाणी लावतात. कडुलिंबाचं तेल तरी नैसर्गिक आहे, ते चालावं.

पशुवैद्य_सांगली
गावाकडचा, यातलं एकही नको. रॉकेल मांजर चाटतं, ते घशातून फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. कातडीही भाजते. तंबाखूचं पाणी म्हणजे निकोटिन, कातडीतून थेट आत. कडुलिंबाच्या तेलाने मांजरांना लाळ आणि कंप झाल्याचं दिसलेलं आहे. कापूर, निलगिरी आणि टी ट्री तेलही तसंच, यकृत त्यांनाही निपटू शकत नाही. फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटणं हा शहरातला नेहमीचा प्रकार आहे. फरशी साध्या पाण्याने पुन्हा पुसा आणि वाळल्यावरच मांजराला आत सोडा.

काही करायचंच तर बारीक दातांची फणी घ्या आणि बाजूला साबणाच्या पाण्याची वाटी ठेवा. फणीत आलेली पिसू वाटीत बुडवली की संपली. काळे कण निघाले तर ओल्या पांढऱ्या कागदावर दाबा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पसरला नाही तर माती.

तिसरा_मजला
औषध टाकून दोन दिवस झाले, पिसवा कमी होण्याऐवजी जास्त दिसतायत. अजून एक डोस?

गोचीडमार
अजिबात नको. फिप्रोनिलने मरणारी पिसू आधी सैरभैर होते, मुळाशी बसायचं सोडून केसांच्या टोकांवर येते, म्हणून जास्त दिसतात. २४ ते ४८ तास लागतात. चार आठवड्यांच्या आत तेच औषध पुन्हा टाकायचं नाही.

आणि हे समजून घ्या की अंगावरच्या पिसवा म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे ५ टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोश घरात असतात. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालते आणि ती गुळगुळीत असल्याने मांजर जिथे झोपतं तिथे गळतात. अळ्या उजेडापासून पळतात आणि कोरड्या हवेत मरतात, म्हणून गोधड्यांच्या घड्या, चटईखाली, जिन्याखालची माती, माळ्यावरची पोती ही त्यांची ठिकाणं. कोकणात पावसाळ्यात त्यांना हवा तो दमटपणा सगळीकडे मिळतो आणि तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. कोशावर कुठलंच औषध चालत नाही. तो हादरा आणि ऊब मिळेपर्यंत महिनोन्महिने थांबू शकतो. बंद घर उघडल्यावर पहिल्या दिवशी पायांना पिसवा डसतात त्या याच.

गोधड्या कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात घाला, निदान आठवड्यातून एकदा. झाडू नव्हे, व्हॅक्यूम असेल तर रोज फिरवा, त्याच्या हादऱ्याने कोश फुटतात आणि बाहेर आलेली पिसू औषध टाकलेल्या मांजरावर जाऊन मरते. पिशवी लगेच घराबाहेर टाका. घरातल्या सगळ्या मांजरांना आणि कुत्र्याला एकाच दिवशी औषध, एकही सुटलं तर पुन्हा तेच. तीन महिने न चुकता करायला लागतं.

झिपरी
आणि शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं तर तो चपटा कृमी, पिसू गिळल्याने होतो. फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनने तो जात नाही, प्राझिक्वान्टेल लागतं. पिसवा न हटवता नुसती गोळी दिली तर पुन्हा येतो.

चिऊताई
कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ आणि कानाच्या कडांना जाड खपल्या. मानेवरचं औषध कानात टाकायचं का?

पशुवैद्य_सांगली
कानात काहीही टाकू नका, पडदा फाटलेला असू शकतो. काळा मळ बहुधा कानातल्या माइटचा, म्हणजे बारीक किड्यांचा. त्यावर सेलामेक्टिन किंवा मांजराचं इमिडाक्लोप्रिड-मोक्सिडेक्टिन मानेवरच टाकतात आणि ते आतून कानापर्यंत पोचतं. कडांच्या खपल्या म्हणजे खरूज असावी, भटक्या मांजरांत फार दिसते, माणसालाही काही दिवस खाज देते. तिथेही हीच औषधं चालतात, पण आधी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या, कारण गजकर्ण दिसायला तसंच असतं आणि त्यावर यांचा उपयोग शून्य.

गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन आणून घरी देऊ नका. ते १ टक्का, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम असतं. किलोमागे ०.२ मिलिग्रॅम मात्रा धरली तर एक किलोच्या पिल्लाला ०.०२ मिली होतं, एका थेंबाच्या निम्म्याहून कमी. तेवढं साध्या सिरिंजने मोजता येत नाही. सुईच्या बुडात अडकून राहणारं औषधच त्याहून जास्त भरतं.

अंजिरी
चुकून परमेथ्रिन पडलंच तर घरी काय करायचं तेही कुणी लिहा. रात्री अकराला दवाखाना कुठे शोधणार?

पशुवैद्य_सांगली
मांजर शुद्धीवर आणि शांत असेल तर लगेच धुवा. भांडी घासायचा द्रव साबण, पाणी हाताला कोमट लागेल इतकंच. गरम पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावून औषध जास्त शोषलं जातं, गार पाण्याने कापरं वाढतं. औषध तेलकट असल्याने नुसत्या पाण्याने निघत नाही. मान, पाठ आणि चाटलेले पंजे दोन-तीनदा साबण लावून धुवा, टॉवेलने टिपा. मग उबदार ठेवा, कारण धुतल्यावर अंग उलट गार पडू शकतं. उलटी करवायची नाही, दूध-तूप पाजायचं नाही आणि अंग तापलं म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नाही.

कंप सुरू झाला असेल तर धुण्यात वेळ न घालवता निघा. टॉवेलमध्ये सैल गुंडाळा, अंधार आणि शांतता ठेवा, आवाज आणि स्पर्शाने झटके वाढतात. औषधाचं खोकं बरोबर घ्या. डॉक्टर स्नायूंच्या कंपावर मेथोकार्बामॉल शिरेतून देतात, झटके असतील तर डायझेपाम किंवा भुलीचं औषध, आणि मिळालं तर शिरेतून देण्याचं स्निग्ध द्रावण, जे परमेथ्रिन स्वतःकडे ओढून घेतं. मेथोकार्बामॉलच्या गोळ्या माणसांच्या पाठदुखीसाठी मिळतात, पण कापणाऱ्या मांजराच्या तोंडात गोळी घालू नका, श्वासनलिकेत जाते. लक्षणं नसली तरी दाखवून घ्या, थोडं बरं दिसून पुन्हा झटके येऊ शकतात.

मनीमाऊ_पार्ले
मुंबईकरांनी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि घराजवळचे दोन दवाखाने, तिघांचे नंबर आणि रात्रीच्या वेळा आजच फोन करून विचारून ठेवा. औषध टाकायचं ते सकाळी, दवाखाने उघडे असताना. वर मी संध्याकाळ म्हटलं होतं, ते ओळखीच्या औषधासाठी. नवं औषध पहिल्यांदा टाकताना सकाळच बरी.

टेक्सासकर
फ्लुरालेनर या आणखी एका औषधाचं कुणी म्हणालं नाही. मांजराची पिपेट पिसवांवर साधारण तीन महिने चालते, १.२ ते २.८ किलोला ११२.५ मिलिग्रॅम, त्यापुढे ६.२५ किलोपर्यंत २५० मिलिग्रॅम. वर्षातून चारदा मांजर धरायचं, बाराऐवजी. मात्र या गटातल्या औषधांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इशारा दिला आहे, काही जनावरांना कंप किंवा झटके येतात. आधी कधी फिट आलेल्या मांजराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कौलारू
सगळ्यांचे आभार. दुकानातलं खोकं पुन्हा जाऊन वाचलं. फिप्रोनिल आणि मेथोप्रीन, परमेथ्रिन नाही. तरी पाच मांजरं एका दुपारी पकडून सिरिंजने वाटायचं जमणार नाही, औषधवाला म्हणतात तसं उरलेलं ठेवावं लागेल. फवारा घेतो. वजनं केली : २.५, २.८, ३, ३.४ आणि ४ किलो. एकूण १५.७, किलोमागे ३ मिली म्हणजे ४७ मिली. १०० मिलीची बाटली दोन महिने जाईल, बरोबर ना? एक अडचण आहे, २.८ वाली गाभण असावी, पोट खाली आलंय.

रानवारा
हिशेब बरोबर. दाब मात्र प्रत्येकीच्या वजनाने मोजा, २.५ वालीला १५, ४ वाल्याला २४.

पशुवैद्य_सांगली
कौलारू, तिचं वजन पिल्लांसकट आहे, शिवाय ती दिवसभर पोट चाटत असणार, तिला फवारा नको. तिच्यासाठी सेलामेक्टिन विचारा, गाभण आणि पाजणाऱ्या मांजरींना ते चालतं. २.६ ते ७.५ किलोला ०.७५ मिलीची, ४५ मिलिग्रॅमची पिपेट. त्याआधी तिला एकदा तपासून घ्या, २.८ किलोत पोट जंतांनीही असं उतरतं. पिल्लं झाली तर आठ आठवडे आणि एक किलो होईपर्यंत त्यांना मानेवरची पिपेट नाही. फणी रोज फिरवा, अंथरूण रोज बदला. हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर वाट बघू नका. फिप्रोनिलचा फवारा दोन दिवसांच्या पिल्लापासून चालतो असं लेबलवर असतं. पण ओलं पिल्लू पटकन गारठतं, म्हणून ते दवाखान्यात नेऊन करून घ्या. आईच्या आचळांना औषध लागता कामा नये.

कौलारू
उद्या तिला पिशवीत घालून नेतो. बाकी चौघांना रविवारी सकाळी ओसरीवर.